नव्या पिकअपचं तोंड

नवी मोठी पिकअप बाजारात आल्यापासून मला रोज कोणी ना कोणी विचारतं, "पेंटरकाका, दिसायला कशी वाटते?" सुरुवातीला मी छान आहे म्हणायचो. मग एका गिऱ्हाइकासमोर वाईट आहे म्हणून बसलो. आता कोणी विचारलं की मी चहा मागवतो. उभं आयुष्य डहाणू-तलासरीच्या गाड्यांच्या तोंडाला रंग फासण्यात गेलं आणि दुकान आवरतं घ्यायच्या वयात एका गाडीनं माझी मती गुंग केली. ती कशी, ते सांगतो. वाचून कोणाला काही उमगलं तर मलाही कळवा.

माझ्या धंद्याबद्दल बाहेरच्यांना नेहमी एक शंका असते. गाडी कंपनीतून रंगूनच येते, मग तुम्ही काय करता? खरी गोष्ट आहे. पण ती येते पांढरीफटक, अगदी शेजाऱ्याच्या गाडीसारखी. तिला घरची करायची, हे माझं काम. कपाळावर देवाचं किंवा आईचं नाव, दोन्ही कुशींवर पट्टा, मागच्या फाळक्यावर मालकाच्या मनात असेल ते. खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारायची, डाव्या हातात काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं, श्वास रोखायचा आणि ब्रश ओढायचा. अक्षर वरच्या रेघेला नीट लटकलं पाहिजे. ते जमलं की बाकीचं सोपं.

किनाऱ्यावरच्या माझ्या गिऱ्हाइकांची आणखी एक पद्धत आहे. होडीला जो रंग, तोच गाडीला. होड्या लागल्या की वाळूत पांढऱ्या गाड्यांची रांग उभी राहते आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन धावत सुटतात. तेव्हा नंबर वाचायला कोणाला सवड असते? निळ्या होडीची पाटी निळ्या पट्ट्याच्या गाडीत. नरपडच्या दोन भावांनी वाटण्या केल्या, तेव्हा होडी एकाकडे गेली आणि गाडी दुसऱ्याकडे. रंग कोणाचा, यावर दोघं हमरीतुमरीवर आले आणि मी अर्धा दिवस त्यांच्या मधे ब्रश घेऊन बसून राहिलो. शेवटी त्यांची आई आली. गाडीच्या निळ्या पट्ट्याखाली एक पिवळी रेघ मार म्हणाली. तेवढ्यावर दोघंही खूश झाले आणि मला जेवून जा म्हणून आग्रह करायला लागले.

जुन्या पिकअपचं तोंड साधं होतं. दोन चौकोनी दिवे, मधे उभ्या पट्ट्यांची जाळी, आणि काचेच्या वर हातभर रुंद सपाट पत्रा. त्याला आम्ही कपाळ म्हणतो. त्या कपाळावर मी किती नावं लिहिली असतील, देवच जाणे. नव्या गाडीला कपाळच नाही. काच सरळ छपराला भिडलेली. वरचे दिवे झोपेतून उठवल्यासारखे बारीक, आणि खरे दिवे खाली बंपरात. मधे काळ्या प्लॅस्टिकची जाळी, ती एवढी मोठी की गाडीला दुसरं काही तोंड उरलेलंच नाही. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि माणसानं लिहायचं कुठे, म्हणून तिथेच उकिडवा बसलो.

मग लोकांची मतं यायला लागली. घोलवडचे जयंतीभाई चिकूचे व्यापारी. त्यांनी सगळ्यांत आधी घेतली. "पेंटर, आ तो एकदम कार जेवी लागे छे!" म्हणाले आणि घरच्या लग्नाला याच गाडीतून जाणार म्हणून जाहीर केलं. त्यांच्या बायकोनं चिकूच्या गाडीत शालू नेसून बसणार नाही असं तितक्याच जोरात जाहीर केलं. तलासरीचा रमेश महामार्गावर माल नेतो. त्याचं मत वेगळं. "काका, आरशात नुसतं हे तोंड दिसलं ना, की पुढचा आपोआप बाजूला होतो. जुनी होती तेव्हा हॉर्न मारून मारून अंगठा दुखायचा." गॅरेजवाला इस्माईल म्हणाला, "जुना बंपर वाकला तर हातोडीनं सरळ व्हायचा, हा तडकणार." गाडीची पूजा सांगणारे गुरुजी तर माझ्याशीच भांडले. जुन्या जाळीच्या पट्ट्यांना हाराचा दोरा बांधता यायचा, नव्या जाळीला आरपार भोकच नाही, हार घसरून खाली चाकात. "तुम्ही रंगवाले लोक काहीतरी करा की," म्हणाले. गाडी जणू मीच घडवली होती. आणि मासळी बाजारात एका बाईनं पाटी खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हिला उपाशी ठेवलीय काय? केवढा आ वासलाय!"

मी सगळ्यांना हो म्हणत गेलो. खोटं नव्हतो बोलत. सकाळी मला ती रुबाबदार वाटायची, दुपारच्या उन्हात रुसलेली वाटायची, आणि संध्याकाळी दिव्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा पेटल्या की पुन्हा सुंदर. शिवाय मनात एक चोर होताच. कपाळ गेलं तर माझं काम गेलं. तेव्हा माझं मत किती खरं आणि पोटावर पाय आल्यामुळे किती, हे माझं मलाच कळेना. याचा मला त्रास व्हायचा. रंगाच्या बाबतीत मी कधी अडखळलेलो नाही. कोणत्या पिवळ्याशेजारी कोणता हिरवा मरतो, ते मी झोपेत सांगीन.

अशात चिखल्याची जनाबाय आली. सोबत तिचा मुलगा नितेश आणि बाहेर रस्त्यावर त्यांची नवीकोरी पिकअप, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेलं.

जनाबायला मी तिच्या लग्नापासून ओळखतो. नवऱ्याची निळी होडी होती, ती मीच रंगवायचो. ती सुकी मासळी विकते. पण विकते म्हणणं तितकंसं बरोबर नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ती सुके बोंबील, सुकट, वाकट्या घेऊन सायवनच्या पुढच्या आदिवासी पाड्यांवर जाते आणि त्या बदल्यात भात घेते. एक माप सुकटीला इतकी मापं भात, हे तिच्या सासूच्या वेळेपासून ठरलेलं. पाड्यावरच्या लोकांची पावसाळ्याची बेगमी होते आणि हिच्या घरात वर्षाचा तांदूळ येतो. सासू कासा गावापर्यंत एसटीनं जायची आणि पुढे डोक्यावर टोपली घेऊन पाडा पाडा हिंडायची. जनाबायही तशीच हिंडली. मग गुडघे गेले. जुनी पिकअप आली तेव्हापासून ती गाडीत बसून जायची, चिंचेखाली गाडी लावायची, आणि लोक भाताची गाठोडी घेऊन गाडीकडे यायचे.

"पेंटर, हिचं तोंड बदलून दे," जनाबाय बसल्या बसल्या म्हणाली.

"आये, एक ठिपका लावू देणार नाय मी," नितेश म्हणाला. "काका, तुम्हीच सांगा हिला. एवढी भारी गाडी. तिच्यावर रंग फासायचा?"

झालं होतं असं. नवी गाडी घेऊन मायलेक पाड्यावर गेले. नेहमीच्या चिंचेखाली थांबले, हॉर्न दिला, जनाबायनं काच खाली करून हाकाही मारल्या. लोकांनी दारातून पाहिलं आणि आत गेले. दोन बायका आल्या, त्यांनी रोख देऊन मूठभर सुकट घेतली आणि पदर सावरत निघून गेल्या. भाताचं गाठोडं कोणी आणलं नाही. भरलेली गाडी भरलेलीच परत आली.

"ओळखलंच नाय त्यांनी," जनाबाय म्हणाली. "जुनी गाडी वळणावर दिसली की पोरं ओरडायची, बोंबीलवाली आली. हिला बघून वाटलं असेल, कोण सरकारी लोक आले, नायतर बँकेचे. तू हिला निळा पट्टा मार, जाळी निळी कर, पुढं आपलं नाव लिही. झाली आमची गाडी."

नितेश माझ्याकडे वळला. तो वाईट मुलगा नाही. ही गाडीसुद्धा त्यानं आईच्या गुडघ्यांकडे बघून घेतली होती, सीट उंच आणि मऊ म्हणून. पण त्याचं मन भातात नव्हतं. डहाणूतली आणि वापीकडची हॉटेलं त्याच्याकडून रोखीनं मासळी घ्यायला तयार होती. "काका, आमचं ठरलंय," तो म्हणाला. "अजून एक फेरी. ती पण फुकट गेली तर हे भाताचं बंद. आयेनं कबूल केलंय."

जनाबाय माझ्या ब्रशांकडे बघत होती. मी तिला इतक्या वर्षांत घाबरलेली पाहिली नव्हती. नवरा गेला तेव्हा रडली होती, पण घाबरली नव्हती. तांदूळ काय, दुकानातही मिळतो. पण पाड्यावर तिला जनाबाय म्हणून ओळखणारी घरं होती, तिच्या सासूची चौकशी अजून करणारी माणसं होती. ते सगळं एका फेरीवर येऊन ठेपलं होतं आणि तिला वाटत होतं की ते माझ्या रंगाच्या डब्यात आहे. मला फार अवघडल्यासारखं झालं.

मी मधला मार्ग काढला. म्हणालो, मी डबे घेऊन तुमच्याबरोबर येतो. तिथे उभा राहून बघतो, गाडी समोरून कशी दिसते. मग तिथेच ठरवू रंगवायची की नाही. खरं सांगायचं तर मला ठरवता येत नव्हतं म्हणून मी वेळ काढला. पण दोघांनाही ते पटलं.

निघालो. नितेश गाडी चालवत होता, मधे जनाबाय, कडेला मांडीवर निळ्या रंगाचा डबा घेऊन मी. चारोटी नाका ओलांडून कासापर्यंत नितेश गाडीचे गुण सांगत होता. एसीमुळे मागच्या बोंबलाचा वास आत येत नव्हता, हे त्यानं मला दोनदा दाखवून दिलं. जनाबाय म्हणाली, "वास येत नाय म्हणूनच मला वाटतं मी कुठं दवाखान्यात चाललेय." सायवनच्या पुढे रस्ता अरुंद झाला. समोरून डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका येत होत्या. गाडी दिसताच त्या रस्ता सोडून खाली शेतात उतरल्या आणि आम्ही जाईपर्यंत उभ्या राहिल्या. मला रमेशचं बोलणं आठवलं. आपोआप बाजूला होतात. नितेशनं हात हलवला, पण काच काळसर, त्यांना काय दिसणार?

पाड्याच्या अलीकडे मी उतरलो आणि गाडीला चिंचेपर्यंत जाऊ दिलं. मग गाडीच्याही दहा-वीस पावलं पुढे जाऊन वळून पाहिलं. काय सांगू? सुंदर दिसत होती. लाल मातीत ती पांढरी गाडी, मागे डोंगर. निळा पट्टा मनातल्या मनात मारून पाहिला, तर ती ओंगळ दिसायला लागली. पुसून टाकला, तर परकी. मी डबा खाली ठेवला. हॉर्न वाजला. दारांतून डोकी आली आणि गेली.

जनाबाय दार उघडून एकेक पाय टाकत खाली उतरली आणि सगळ्यांत जवळच्या घराकडे निघाली. मी आणि नितेश तिच्या मागे. ते सखूचं घर. सखू जनाबायच्या वयाची, दोघींची ओळख दोघींच्या तरुणपणापासूनची. ओटीवर भाताचं गाठोडं बांधून तयार ठेवलेलं होतं. ते बघून जनाबाय गाठोड्याशेजारीच बसली.

"सखू, भात बांधून ठेवलास, मग आणला का नाय? हॉर्न नाय ऐकलास? गाडी ओळखली नाय?"

"ओळखली ना," सखू म्हणाली. "मागच्या टायमाला पण ओळखली. तुजा पोर दिसला की."

"मग?"

सखू लाजली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आता तुमी मोठे झालात बाय. अशा गाडीत काय भात घेणार तुमी? आमी गाठोडं घेऊन यायचं आणि तुमी नको म्हणायचं. माणूस कोणतं तोंड घेऊन येईल?"

सगळ्यांचं तेच झालं होतं. ज्यांच्याकडे रोकड होती त्या दोघी आल्या होत्या. बाकीच्यांची गाठोडी घराघरांत बांधून पडली होती.

मी तिला विचारलं, आणि आजही कळत नाही की का विचारलं, "पण गाडी दिसायला कशी वाटते तुम्हाला?"

"छान हाय," सखू लगेच म्हणाली. "लई छान हाय. म्हणून तर कोणी बाहेर आलं नाय."

नितेशचा चेहरा पडला. इतका वेळ तो आईचं म्हणणं हसण्यावारी नेत होता. आता तो एकदम पुढे झाला. "मावशी, मी लिहून घेतो गाडीवर. पेंटर सोबत आणलाय. काका, लिहा पुढच्या जाळीवर मोठ्या अक्षरात, भाताच्या बदल्यात मासळी मिळेल. आत्ताच लिहा. माझी काय हरकत नाय."

मी डबा आणायला वळलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. हाताला काम मिळालं होतं, तेही गाडी आवडणाऱ्यानंच सांगितलेलं. अक्षरं कशी बसवायची ते मी जाता जाता ठरवूनही टाकलं होतं.

"नको," सखू म्हणाली. "लिहू नका. लिहिलं की सरकारी वाटतं."

डबा ठेवला होता तिथेच राहिला. लिहिलं की गाडी घरची होते, या एका समजुतीवर माझा सगळा धंदा चालला. त्यावर माझी पोरं शिकली. आणि ही बाई खरं बोलत होती, ते मला दिसत होतं. पाड्यावर लिहिलेलं म्हणून जे जे येतं, ते सगळं कोणत्या ना कोणत्या ऑफिसातून येतं. मला वाईट वाटलं, आणि कशाचं वाटलं ते नीट सांगता येत नाही.

मग जनाबाय हात टेकून उठली, गाडीकडे गेली आणि नितेशला म्हणाली, "मागची लहान टोपली दे."

"कशाला?"

"दे."

तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली. नितेशला कळलं. "आये, गुडघे," तो म्हणाला. "डॉक्टरनं काय सांगितलंय? तू बस, मी घरोघरी जाऊन सांगून येतो."

"तू सांगशील आणि ते हो म्हणतील. येणार नाय कोणी. टोपलीवाली बाई दारात आली की भात घेते, एवढं त्यांना ठाऊक हाय. ठेव डोक्यावर."

त्यानं टोपली ठेवली. ती सखूच्या दारापासून निघाली. पहिल्या दहा पावलांत दोनदा थांबली. मग तिनं ती जुनी हाक दिली, "बोंबील, सुकट घ्या बाय!" आणि पुढच्याच घरातून एक म्हातारी गाठोडं घेऊन बाहेर आली. तिनं जनाबायला पाहिलं, मागच्या गाडीकडे पाहिलं, पुन्हा जनाबायला पाहिलं. जनाबायनं तिचं गाठोडं हातात घेतलं आणि तसंच मागे गाडीत टाकायला लावलं. माप तिनं मोजलंही नाही. मग दुसरं दार उघडलं, मग तिसरं. पोरं गाडीभोवती जमली आणि त्या काळ्या जाळीवर बोटं फिरवून बघायला लागली.

नितेश पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे मागे गाडी नेत होता. मी त्याच्या शेजारी, तिच्या गुडघ्यांसाठी घेतलेल्या त्या उंच मऊ सीटवर. मला उतरून चालायचं होतं, तर त्यानंच बसवलं, काका, तुमचंही वय झालं म्हणून. काचेतून पुढे फक्त ती दिसत होती. लंगडत, पण ताठ. दर घराशी नितेश काच खाली करून ओरडायचा, "आये, आता बस ना," आणि ती मागे न बघता हातानं सांगायची, ये मागून.

गाडी भातानं भरत चालली. शेवटच्या घरापाशी जनाबाय टोपली उतरवून पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळायला लागली. दुखत असणार फार. तरी हसत होती, त्या घरच्या बाईशी सासूबद्दल बोलत होती. नितेशनं इंजिन बंद केलं. एवढ्या मोठ्या गड्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर गाड्या बघितल्यात. मला एक सांगा. हिच्यासाठी घेतली मी ही गाडी. आता काय करू हिचं?"

मी दार उघडून खाली उतरलो आणि जनाबायसाठी ती सीट मोकळी केली.